वरच्या दोन भाकरी

मला पाहायला आले तेव्हाच माझ्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. देवमन त्यांचं नाव, सिंचन खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. आमच्या अकोल्याच्या घरी प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसून ते म्हणाले, "आमचं काई मागणं नाई. एकच गोष्ट कानावर घालतो. आमच्या घरी रात्रीचं सकाळी कोणी खात नाई. शिळं नाई म्हंजे नाई."

माझ्या आईने खुशीत मान हलवली. सुनेच्या ताटात शिळंपाकं वाढणाऱ्या सासवा तिने पाहिल्या होत्या. हे घर तर उलटंच बोलत होतं. मलाही वाटलं, अट असावी तर अशी.

खरं म्हणजे शिळ्याचं मला कधी वावडं नव्हतं. वडील रेल्वेत, घरात आम्ही चार भावंडं. उरलेली ज्वारीची भाकर आई ताकात भिजवायची, वरून लसूण-मिरचीची फोडणी द्यायची. त्याला आम्ही कुटके म्हणतो. रविवारी कुटके हवेत म्हणून शनिवारी आई मुद्दाम जास्त भाकरी थापायची आणि कढईच्या तळाशी लागलेल्या खरपुडीसाठी आमची मारामारी व्हायची.

तर लग्न होऊन मी अमरावतीला आले. घरात आम्ही चौघं. सासरे, सासूबाई ललिता, माझा नवरा धर्मेंद्र आणि मी. छत्री तलावाच्या रस्त्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भांडी घासायची मोरी. धर्मेंद्र शिकवणीवर्गात गणित शिकवतो, मी विद्यापीठात परीक्षा विभागात. पहिल्याच महिन्यात सासूबाई एकदा पहाटेच्या एसटीने त्यांच्या बहिणीकडे गेल्या. सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर टोपल्यात रात्रीच्या दोन भाकरी तशाच. मला काय, आनंदच झाला. ताक होतं, लसूण होता. कुटके केले आणि हौसेने सगळ्यांना वाढले.

धर्मेंद्रने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वडिलांकडे. सासऱ्यांनी विचारलं, "हे कायचं हाये, बाई?"

"कुटके, बाबा. रात्रीच्या भाकरीचे."

त्यांनी ताट हलक्या हाताने पुढे सरकवलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं.

संध्याकाळी त्यांनीच मला जवळ बसवलं आणि त्यांच्या आईची, दुर्गाबाईंची गोष्ट सांगितली. दर्यापूरकडच्या एका खेड्यात दुर्गाबाई लहानाच्या मोठ्या झाल्या. दिवस मावळला की त्या आपल्या आईबरोबर टोपली घेऊन गावात फिरायच्या. लोक ओट्यावर उभे राहून सकाळची भाकर टोपलीत वरून टाकायचे, हाताला हात लागू न देता. कधी कालची, कधी परवाची. ती घरी आणून, पाणी शिंपडून सगळी माणसं खायची. मग छप्पन साली त्यांचे वडील नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले. आले ते सरळ चुलीपाशी गेले आणि ती टोपली त्यांनी चुलीत घातली. त्या रात्री घरात कोणाच्याच पोटात काही गेलं नाही. पण दुर्गाबाई म्हणायच्या, त्या रात्रीसारखी झोप पुन्हा लागली नाही.

"माय जाताना माह्याकडून बोलून घेतलं तिनं," सासरे म्हणाले. "आपल्या घरी शिळं कोणी खाणार नाई, अन् कोणाले देणारबी नाई. रोज दोन भाकरी वरच्या थापाच्या. दारात कोणी आलं तं त्याले गरम भाकर भेटली पायजे. अन् हातात द्याची. वरून टाकाची नाई."

हे सगळं आमच्या अकोल्याच्या घरातही कधीतरी घडलं असणार. आमच्याकडे कोणी त्याबद्दल बोललं नाही, एवढंच. त्यांच्या घरात शिरून मी कुटके वाढले याचं मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा केले नाहीत.

पण माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट पटली तरी मी हिशोब करत बसते. दुर्गाबाईंच्या खेड्यात दारात कोणी ना कोणी यायचं. अमरावतीत आमच्या दारात कोण येतं? कुरिअरवाला आणि सिलिंडरवाला. ते भाकर घ्यायला थांबत नाहीत. म्हणजे रोज रात्री दोन भाकरी उरणार, त्याही ठरवून. शिवाय भाजी कमी पडली तर लाज, म्हणून तीही मूठभर जास्त. घरात फ्रीज होता, पण त्यात पाणी, दूध, दही आणि कच्ची भाजी. फ्रीज आला तेव्हा दुर्गाबाई म्हणाल्या होत्या म्हणे, ही तर शिळं ठेवायची पेटी. त्यात रांधलेलं काही गेलं नाही ते आजतागायत.

मग हे सगळं जातं कुठे? मी सासूबाईंना विचारलं.

"गाईले टाकून येते," त्या म्हणाल्या.

आमच्या गल्लीत गाय मी पाहिली नव्हती. कोपऱ्यावर उकिरडा होता, तिथे डुकरं होती. पण सासूबाईंशी वाद घालणं जमत नसे, कारण त्या वाद घालतच नसत. बाई इतकी गरीब की आपला राग आपल्यालाच खाली ठेवावा लागे.

एक गोष्ट मात्र रोज चालायची. जेवायला बसलं की सासरे म्हणायचे, "ललिता, हे काय जेवण झालं? अर्धी भाकर?" त्या म्हणायच्या, "मले भूकच लागत नाई." सासरे खरोखर काळजी करायचे. त्यांनी टॉनिकच्या बाटल्या आणल्या, बदाम आणले, स्वतः भिजवून, सोलून त्यांच्या हातावर ठेवायचे. दोनदा डॉक्टरकडे नेलं. बायकोवर एवढा जीव असलेला माणूस मी आमच्या नात्यात दुसरा पाहिला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी त्यांना नावं ठेवील.

उन्हाळ्यात एकदा उकाड्याने मला पहाटेच जाग आली. पाणी प्यायला उठले तर मागचं दार उघडं. मोरीत, पालथ्या बादलीवर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर ताटली, ताटलीत रात्रीच्या दोन भाकरी पाण्याने ओल्या करून, त्यावर तेल-मीठ. वांग्याची उरलेली भाजीही होती. दाराकडे पाठ करून त्या भराभर खात होत्या, चोरून खाणाऱ्या माणसासारख्या.

"आई?"

त्यांनी दचकून ताटली पदराखाली घेतली. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती उमटली ती अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने थापलेली भाकर खाताना!

"सांगजो नको व त्याइले," त्या म्हणाल्या.

"रोज खाता तुमी हे?"

"मंग काय करू? उकिरड्यावर टाकू?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मी लहानपणी लोकाइच्या वावरात ज्वारी सोंगली हाये. हात सोलून निघे माहा. मले भाकर टाकता येत नाई, भावना. लगन झाल्यावर पयल्यांदा टाकाले गेली तं कोपऱ्यावर उभी राहून रडली. तवापासून नाई टाकली."

"मग दोन कमी थापा ना! कोण येऊन राहिलं आपल्या दारात?"

"माईचं, माह्या सासूचं, बोलणं हाये ते."

"मग बाबांना सांगा."

"काय सांगू? तुमच्या मायले तुमी शब्द देला अन् तो रोज मोडून राहिला, असं सांगू? त्या माणसाच्या जवळ बाकी काय हाये? ना वावर, ना वाडा. हे एवढंच हाये त्याइचं. ताठ मानेनं सांगते जगाले, आमच्या घरी शिळं कोणी खात नाई म्हणून. सांगू दे." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं तेलाने माखली होती. "तुले माही शपथ."

कोणी शपथ घातली म्हणून गप्प बसणारी मी नाही. पण त्या दिवशी गप्प बसले. त्यानंतर मी स्वयंपाक करायची तेव्हा पीठ कमी घ्यायची. सासूबाई मागून येऊन परातीत पुन्हा मूठभर टाकायच्या. आणि सासरे पुन्हा बदाम सोलायला बसायचे. ते पाहिलं की मला या घराचा संताप यायचा.

मग बुद्धपौर्णिमा आली. सासऱ्यांनी दरवर्षीप्रमाणे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना खीर प्यायला बोलावलं. मोठं पातेलं भरून दुधाची खीर केली, काजू-किसमिस घालून. पण त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळीही हवा तापलेलीच. निम्मी माणसं आली नाहीत. विहारात नेऊन दिली, शेजारच्या घरांत गरम-गरम वाटून आलो, तरी पातेल्यात खीर उरलीच.

"सकाळी कामवाल्या मावशींना देऊ," मी म्हटलं.

"सकाळी ते शिळी होते, बाई," सासरे म्हणाले. "पौर्णिमेच्या दिवशी आपुन कोणाले शिळं देऊ का?"

"मग फ्रीजमध्ये ठेवू."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा सासूबाई मोरीच्या दारात पडल्या होत्या. सकाळी बाहेर गेलेले सासरे माझ्यापुढे दोन पावलंच घरात शिरले होते आणि त्यांना हाका मारत होते. उलट्या, जुलाब, हातपाय गार. मी त्यांना उचलायला वाकले आणि समोर दिसलं. पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात रात्रभर गार राहावं म्हणून ठेवलेलं असावं असं ते खिरीचं पातेलं. रिकामं. तळाशी आंबूस वास.

ऑटोने दवाखान्यात नेलं. धर्मेंद्र वर्ग सोडून धावत आला. सलाईन लागलं. तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "बीपी फार खाली गेलंय. लघवी बंद आहे. मला सांगा, उन्हात फिरल्या होत्या की खाण्यातून काही झालंय? त्यावर पुढची औषधं ठरतील."

"ऊनच लागलं, मॅडम," सासरे लगेच म्हणाले. "खाण्यातलं काई नसन. आमी चौघं एकच जेवतो. आमच्या घरी सगळं ताजं असते. शिळं आमी घरात ठेवतच नाई." एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही ते बोलताना त्यांची मान ताठ झाली.

डॉक्टरणीने मान हलवली आणि ती वळली. काचेतून सासूबाई दिसत होत्या. ओठ पांढरे पडलेले. त्या शुद्धीवर असत्या तर त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं असतं.

"खीर खाल्ली त्यांनी," मी म्हटलं. "कालची. दुधाची. रात्रभर बाहेर होती."

डॉक्टरीण थांबली. सासरे म्हणाले, "भावना, काय बोलून राहिली तू? आपल्या घरी—"

"आपल्या घरी आई खातात, बाबा. रोज. तुमी उठाच्या आधी, मागं मोरीत बसून. वरच्या दोन भाकरी कोणतीच गाय खात नाही. आई खातात. म्हणून त्यांना दुपारी भूक नसते."

मी हे ओरडून बोलले असेन, कारण बाकावरची माणसं आमच्याकडे पाहू लागली. डॉक्टरीण आत गेली. धर्मेंद्र भिंतीला टेकला. सासऱ्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

"ते त्यांनाच विचारा."

ते बाकावर बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते हातांकडे पाहत होते. त्याच हातांनी ते बदाम सोलायचे. मला त्यांची दया आली आणि रागही गेला नव्हता.

सासूबाई वाचल्या. काही दिवसांनी घरी आल्या. माझ्याशी मात्र बोलेनात. "तुले सांगतलं होतं," एवढंच एकदा म्हणाल्या.

"सांगितलं नसतं तर आज रुसायला राहिल्या नसत्या," मी म्हटलं आणि त्यांना पेज पाजली.

सासरे कोणाशीच बोलत नव्हते. सासूबाई घरी आल्या त्या रात्री मी भाकरी थापायला बसले तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. वरच्या दोन भाकरींचं पीठ घेऊ की नको, मला कळेना. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते निघून गेले. मी पीठ घेतलं नाही. तरीही एक भाकर उरली, कारण सासूबाईंना अजून जेवण जात नव्हतं. मी ती टोपल्यात झाकून ठेवली.

पहाटे मोरीकडे आवाज झाला म्हणून मी उठले. वाटलं, ही बाई ऐकायची नाही. चिडून दारापर्यंत गेले आणि थांबले.

पालथ्या बादलीवर सासरे बसले होते. मांडीवर ताटली. कोरडी भाकर मोडून ते तोंडात घालत होते आणि ती त्यांना गिळवत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच शिळं खात होते. घास तोंडात फिरत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

माझ्या मागून सासूबाई आल्या. भिंतीचा आधार घेत त्या मला ओलांडून पुढे गेल्या.

"अजी, काय करून राहिले हे?"

त्यांनी मान वर केली नाही. "मायच्या घरी गावात फिरून आणलेलं शिळं सगळे मिळून खात, ललिता. माय सांगे मले. चुलीभोवती बसून, एकमेकाच्या तोंडाकडं पाहून खात." त्यांनी घास कसाबसा गिळला. मग म्हणाले, "मी तुले एकटीले खाऊ घातलं. इतके वर्सं. भिंतीकडं तोंड करून."

"तुमाले कुठी माईत होतं?"

"नव्हतं. पण माईत काहून नव्हतं? बदाम सोलत बसलो मी. इचारलं नाई कधी का वरच्या भाकरी कुठी जातात. गाय पाहाले गेलो नाई कधी." त्यांनी ताटली घट्ट धरली. "आजपासून चौघाच्या चारच. दारात कोणी आलं तं मी सोता उठून थापून देईन. अन् तरी उरलं तं ते मी खाईन. तू ताजं खाजो."

"अन् माईचा शब्द?"

"मायले मी सांगीन."

सासूबाई आत वळल्या. मी बाजूला सरले. फळीवरून त्यांनी तेलाची वाटी आणि मीठ घेतलं, परत जाऊन ताटलीतल्या भाकरीवर पाण्याचा हबका मारला, तेल-मीठ घातलं आणि हाताने नीट कालवलं. मग दुसरी बादली पालथी करून त्यांच्या शेजारी बसल्या.

"कोरडी नाई जात ते घशाखाली," त्या म्हणाल्या. त्यांनी एक घास त्यांच्या हातात दिला आणि एक स्वतः घेतला. "अन् एकट्यानं नका खाऊ."